नारळीकर दोनदा हरले का?

नमस्कार मंडळी. हळू बोल असं बायकोने बजावलंय आणि लवकर संपव असं अध्यक्षांनी, म्हणजे आज दोघांपैकी एकाचा राग मी ओढवून घेणार हे पक्कं. त्यात मागच्या दाराने वड्यांचा वास यायला लागलाय, त्यामुळे माझी स्पर्धा कुणाशी आहे याचीही मला कल्पना आहे.

मला विषय दिला होता खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, आदरांजली. 20 मे 2025 ला सर पुण्यात गेले. त्या दिवशी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली, मधेच कुणीतरी सेकंडहँड कारसीट विकायला काढली, दोघांनी किंमत विचारली, मग परत श्रद्धांजली. मी पण हात जोडलेला इमोजी टाकला. आणि आजचं भाषण तयारच होतं हो, कोल्हापूरचा जन्म, बनारसचं बालपण, केंब्रिज, पद्मभूषण, आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था, सगळ्या सनावळ्यांसकट. पण परवा घरी जे झालं त्यानंतर ते भाषण काही माझ्याच्याने वाचवेना.

झालं असं, की चिरंजीवांच्या शाळेत पोस्टर करायचं होतं, तुला इन्स्पायर करणारी व्यक्ती. त्याने अर्थातच एक फुटबॉलर निवडला होता. मी म्हणलं, अरे आपल्या घरात एवढा मोठा माणूस असताना? (आपल्या घरात म्हणजे आपल्या मराठीत, एवढं तुम्ही समजून घ्याल.) तर मी त्याला बसवून सगळं सांगितलं, तो मुकाट लिहून घेत होता, मला वाटलं पोरगं भारावलं. आणि मग मार्करचं टोपण लावत तो म्हणाला, "सो, ही लॉस्ट? ट्वाइस?"

म्हणलं, म्हणजे?

"म्हणजे बघ ना बाबा, त्याची थिअरी बिग बँगने हरवली. आणि मग तो केंब्रिज सोडून परत इंडियाला गेला. सो, टू लॉसेस."

मी परभणीचा आहे, चिडल्यावर माझं मराठी मूळ गावी जातं, त्यामुळे मी काय बोललो ते वेबसाइटवर छापता येणार नाही. बायको आतून म्हणाली, चिडतोस कशाला, उत्तर दे की. आणि मंडळी, तिथे माझी गाडी अडली ती अजून अडलेलीच आहे. म्हणून आज आदरांजली राहू द्या, आपण याच दोन पराभवांकडे बघू.

पहिला थिअरीचा. नारळीकर 1957 साली इथे इंग्लंडला, केंब्रिजला आले, टाटांची स्कॉलरशिप घेऊन. रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आले, टायसन मेडल मिळवलं, आणि फ्रेड हॉयल यांच्याकडे रिसर्चला लागले. हॉयल म्हणजे त्या काळचं बडं प्रस्थ, भांडखोर, रेडिओवर गाजलेला माणूस. महास्फोटाला, म्हणजे विश्व एका स्फोटातून सुरू झालं या कल्पनेला, बिग बँग हे नाव दिलं ते याच हॉयलनी, 1949 साली बीबीसीवर बोलताना, आणि गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा त्या कल्पनेवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं असं की विश्व पसरतंय हे खरं, पण पसरताना नवीन पदार्थ सतत निर्माण होतो, त्यामुळे कधीही बघा, विश्व साधारण तसंच दिसणार, ना सुरुवात ना शेवट. स्थिर स्थिती सिद्धांत म्हणतात त्याला. आता केंब्रिजमध्येच मार्टिन राइल म्हणून दुसरे दिग्गज होते, त्यांनी आकाशातले रेडिओ स्रोत मोजले आणि 1961 साली जाहीर केलं की हे आकडे स्थिर स्थितीत बसत नाहीत, पूर्वीचं विश्व आजच्यापेक्षा वेगळं होतं. पेपरात मोठ्या बातम्या आल्या. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत यावर चर्चा ठेवली, आणि हॉयलना त्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं, म्हणून उत्तर द्यायला उभा राहिला कोण, तर बावीस वर्षांचा रिसर्च स्टुडंट, जयंत विष्णु नारळीकर. पिकाडिलीला बर्लिंग्टन हाउस आहे ना, आपण सेलला जातो तेव्हा त्याच्या समोरून पिशव्या सावरत जातो, ते. बावीसाव्या वर्षी मी काय करत होतो ते आठवलं आणि लगेच विसरलो, एटीकेटीचा फॉर्म भरत होतो.

मग जून 1964. हॉयल आणि नारळीकर यांनी रॉयल सोसायटीत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. सोपं करून सांगतो, बसने कचकन ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो ना, ती जी जडत्व नावाची भानगड आहे ती वस्तूमध्ये आपोआप असते की बाकीच्या सगळ्या विश्वामुळे येते? माख नावाच्या शास्त्रज्ञाची ही जुनी शंका होती, यांनी ती गणितात बसवली, की इथल्या दगडाचं वस्तुमान हे दूरदूरच्या ताऱ्यांच्या देण्याघेण्यातून ठरतं. भारतात एकच जल्लोष झाला. 1965 ला पद्मभूषण, वय सव्वीस. आणि नशिबाचा खेळ बघा, त्याच 1965 साली अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांनी आकाशात सगळीकडून येणारे मायक्रोवेव्ह जाहीर केले, महास्फोटाची उरलेली ऊब म्हणा, आणि जगातल्या बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी स्थिर स्थितीचा नाद सोडला.

नारळीकरांनी नाही सोडला. 1993 साली हॉयल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्याबरोबर त्यात दुरुस्ती करून नवी आवृत्ती काढली. ती पण बहुसंख्यांनी मानली नाही, आजही मानत नाहीत, हे मी सरांचा भक्त असून सांगतोय. त्या मायक्रोवेव्हचं इतकं बारीक मोजमाप आता झालंय की माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला सुद्धा दिसतं पारडं कुठे झुकलंय. म्हणजे पोराचा पहिला पॉइंट, तांत्रिकदृष्ट्या, बरोबर आहे. आली का पंचाईत.

पण मग मी त्याला एक गोष्ट सांगितली. पुण्यात आयुका उभी केली तेव्हा डायरेक्टर नारळीकर. माणसं निवडायची त्यांच्या हातात. आणि त्या आयुकात कोण बसले होते, तर वरुण साहनी, पद्मनाभन, पुढे तरुण सौरदीप. यांचं काम कशावर, तर महास्फोट मानूनच, त्याच मायक्रोवेव्हवर, डार्क एनर्जीवर. एका छताखाली चहा प्यायचा, सेमिनारला डायरेक्टरच्या सिद्धांतावर प्रश्न विचारायचे, आणि पगार चालू. मंडळी, आपल्याकडे गणपतीत ढोल की डीजे यावरून मंडळ फुटतं. नावं घेत नाही, दोन्ही मंडळांचे लोक आज हॉलमध्ये बसलेत आणि एकमेकांकडे बघत नाहीयेत ते मला इथून दिसतंय.

चिरंजीव म्हणाले, "ओके, दॅट्स कूल. बट ही स्टिल लॉस्ट." यावर मी चहा करायला उठलो.

दुसरा पराभव आपल्या सगळ्यांच्या वर्मावर बसणारा आहे, म्हणून जरा जपून.

1972 साली नारळीकर केंब्रिज सोडून मुंबईला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटांच्या संशोधन संस्थेत गेले. इथे काय नव्हतं त्यांच्याकडे? किंग्ज कॉलेजची फेलोशिप, स्मिथ्स प्राइझ, अ‍ॅडम्स प्राइझ, आणि हॉयलनी उभ्या केलेल्या खगोलशास्त्राच्या इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या दिवसापासूनची जागा. आता पूर्ण सांगायचं तर त्याच साली हॉयलनी पण वैतागून केंब्रिजचा राजीनामा दिला होता, विद्यापीठातलं राजकारण, ते आपल्या कमिटीपुरतंच असतं असं समजू नका. तेव्हा सगळं गोडीगुलाबीचं होतं आणि हे मातृभूमीच्या ओढीने निघाले, असा सरळ सिनेमा नाहीये. पण अमेरिकेला जाता आलं असतं की. वडील विष्णु वासुदेव नारळीकर, ते पण केंब्रिजचे रँग्लर आणि ते पण परत गेले होते, बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभाग सांभाळला त्यांनी. म्हणजे त्या घरात परत जाणं ही काही भानगड नव्हतीच बहुतेक. ज्या घरात मोरूमामा फळ्यावर जयंतासाठी कोडं लिहून ठेवायचे आणि सुटेपर्यंत ते कुणी पुसायचं नाही, त्या घरातली मुलं केंब्रिजला जातात पण केंब्रिज म्हणजे शेवटचं स्टेशन असं त्यांना वाटत नसावं. आमच्या घरी फळा होता, त्यावर दूधवाल्याचा हिशोब असायचा.

आणि सरांच्या पत्नी मंगलाताई, त्यांचं नाव आपल्या भाषणांत येतच नाही, ते मी आणणार. मुंबई विद्यापीठाच्या एमएला गणितात पहिल्या आलेल्या, 1966 ला लग्न करून केंब्रिजला आल्या, तीन मुलींचं सगळं बघत 1981 ला पीएचडी पूर्ण केली, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांवर काम केलं. एकवीसला वीस एक म्हणावं का यावरून 2019 ला केवढा दंगा झाला होता तो तुम्हाला आठवत असेल, आपल्या ग्रुपवर पण तीन दिवस पेटला होता, आणि ज्यांची मुलं एकवीसही म्हणत नाहीत ते सगळ्यात जास्त चिडले होते. जुलै 2023 मध्ये त्या गेल्या. परत जायचं ठरलं ते एकट्याचं नव्हतं ना, दोघांचं होतं, मुली लहान होत्या. हा भाग पोस्टरवर मावत नाही.

तर मी हे चिरंजीवांना सांगतोय, बायको म्हणाली, "तू पण जाणार होतास ना परत, दोन वर्षांत?" झालं. ते दोन वर्षांचं प्रकरण तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधी पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मग पासपोर्ट, मग घराचं लोन, मग मुलांचं जरा सेट होऊ दे, मग आईवडिलांनाच इकडे बोलावू की सहा महिने. आपल्यातल्या प्रत्येकाचे ते दोन वर्षं चालूच आहेत. आणि त्यात गंमत अशी की जो कुणी खरंच परत जातो त्याच्याबद्दल आपण त्याच आठवड्यात कुणाच्या तरी किचनमध्ये उभं राहून काय बोलतो? जॉब गेला का रे त्याचा? व्हिसाचं काही झालं का? घरात काही प्रॉब्लेम? पोरं कोपऱ्यात आयपॅड घेऊन बसलेली असतात, आपल्याला वाटतं ऐकत नाहीयेत. माझ्या पोराने परत गेला म्हणजे हरला हे कुठून शिकलं असेल? शाळेतून नक्कीच नाही.

बरं, परत जाऊन त्या माणसाने केलं काय? टीआयएफआरमध्ये कुलाब्याला समुद्रासमोर सुखात बसता आलं असतं रिटायर होईपर्यंत. 1988 साली यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष यशपाल यांनी म्हणलं, विद्यापीठांसाठी खगोलशास्त्राचं केंद्र काढा, तर पन्नाशीला हे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीवर शेडमधून कामाला लागले. चार्ल्स कोरियांनी इमारत बांधली, आत चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. पुणेकरांनो, टाळ्या आवरा, पुढचं पुण्याबद्दल नाहीये. आयुकाची खरी मेख नावात आहे, आंतर-विद्यापीठ. म्हणजे कुठल्या तरी तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मास्तर, ज्याला आठवड्याला वीसेक तास लेक्चर, परीक्षेचं सुपरव्हिजन, निवडणुकीची ड्यूटी, त्याने सुट्टीत यायचं, राहायचं, लायब्ररी वापरायची, कॉम्प्युटर वापरायचा, रिसर्च करायचा आणि परत आपल्या कॉलेजात जाऊन शिकवायचं. जुन्नरजवळ गिरवलीला दोन मीटरचा टेलिस्कोप बसवला, तो पण या लोकांना वापरता यावा म्हणून. आम्हाला परभणीला फिजिक्सला जे सर होते ते ग्रहणाच्या दिवशी अंगणात काळी फिल्म घेऊन उभे राहायचे आणि आमच्या आज्या आम्हाला घरात कोंडायच्या. अशा सरांसाठी पुण्यात एक खोली आणि टेबल राखून ठेवलंय, हे कुणाच्या तरी डोक्यात आलं यातच मला तो माणूस दिसतो. पद्मविभूषण वगैरे मग आलं, 2004 ला.

आणि पोरं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं. पु. लं.च्या फाउंडेशनच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका. कुणी सही मागितली तर सर म्हणायचे, सही नाही, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. किती महाराष्ट्रातल्या घरांत ती पोस्टकार्डं फ्रेम करून लावलीयत. मी नाही पाठवलं. पोस्टकार्ड घेतलं होतं, पंधरा पैशांचं, पण प्रश्नच सुचेना, शेवटी त्यावर मावशीला दिवाळीचा नमस्कार लिहिला.

विज्ञानकथांचं तर तुम्हाला माहीतच आहे, 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, ज.वि.ना. उलटं केलं की ना.वि.ज., आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहून काढली मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस आलं. स्वतःचं नाव लपवून स्पर्धेत उतरणारा पद्मभूषण. आपल्या एकांकिका स्पर्धेत परीक्षक आधी विचारतात, हा कुणाचा मुलगा.

आता जरा कडू बोलणार आहे, वडे गोड लागावेत म्हणून.

आपल्या दिवाळी स्मरणिकेत सरांवर एक पान श्रद्धांजली आहे, फोटोसकट, छान आहे. पान उलटलं की वार्षिक राशिभविष्य. अडीच पानं. मी संपादकांना फोन केला, ते म्हणाले, अरे जाहिराती त्याच पानाला येतात. बरोबर आहे त्यांचं, हिशोब मला पण कळतो. पण याच माणसाने 2008 साली अंनिसच्या डॉ. दाभोलकरांना बरोबर घेऊन काय केलं होतं? शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका गोळा केल्या, ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं, प्रत्येकाला चाळीस पत्रिका, ओळखा यातली कुठली कोणाची. सत्तावीस जणांची उत्तरं आली. सरासरी बरोबर उत्तरं 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. टिंगल नाही केली, शिव्या नाही दिल्या, प्रयोग केला आणि करंट सायन्समध्ये छापला. आणि आपण इथे एमआरआय मशीनवर काम करणारे, बँकांची अल्गोरिदम लिहिणारे लोक, मुलीचं स्थळ बघताना पहिला प्रश्न, पत्रिका आहे का. आमच्याही लग्नाला पत्रिका बघितली होती बरं का, छत्तीस पैकी एकतीस गुण जमले होते. परवाच्या भांडणात बायकोने विचारलं, ते एकतीस कुठले.

आकाशदर्शनाचा कार्यक्रम पण ठेवला होता आपण मागच्या हिवाळ्यात, लीजर सेंटरच्या, म्हणजे इथल्या क्रीडा केंद्राच्या पार्किंगमध्ये. ढग आले, त्यात काही नवीन नाही, हा देशच तसा आहे, खगोलशास्त्र इथे इतकं वाढलं ते गणिताच्या जोरावर असावं. पण ढगांच्या आधी निदान तासभर गुरू दिसत होता, त्याचे चंद्र दिसत होते, आणि टेलिस्कोपपाशी मी, आमचे चिरंजीव आणि एक आजोबा, बाकी सगळे कम्युनिटी रूममध्ये मिसळपावाच्या रांगेत. आजोबा मात्र हलले नाहीत, आठ्या घालून बघत राहिले, म्हणाले, गुरू इतका बारीक असतो होय, आमच्या मागे लागला तेव्हा केवढा वाटला होता.

हां, एक गोष्ट कुणीतरी नंतर काढणारच, म्हणून आत्ताच. त्यांची मोठी मुलगी गीता कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोला प्राध्यापक आहे. म्हणजे एका पिढीने परत जाणं आणि पुढच्या पिढीने निघणं, दोन्ही त्याच घरात. चिरंजीवांना हे सांगितलं तर तो म्हणाला, "सो शी वन?" मी म्हणलं, तू आधी हा स्कोअरबोर्ड बंद कर.

पोस्टर झालं शेवटी. शाळेत लागलंय. त्याने एका बाजूला बिग बँग काढलाय, दुसऱ्या बाजूला नुसते सारखे ठिपके, आणि मधे चष्मा लावलेला एक माणूस. हरला की जिंकला काही लिहिलं नाही, मी पण विचारलं नाही.

पण त्यानंतर दुसरंच सुरू झालंय. रविवारी परभणीला व्हिडिओ कॉल असतो, माझी आई त्याला म्हणाली, अरे आपल्या औंढ्याजवळ काहीतरी मोठं मशीन होणार आहे, आकाशातली कंपनं मोजायचं. लायगो. हिंगोली जिल्ह्यात, आठव्या ज्योतिर्लिंगाच्या शेजारी, गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा, 2023 मध्ये सरकारने मंजुरी दिली, आयुका त्यात आहे. चार किलोमीटरचे दोन हात, अमेरिकेतल्यासारखेच. पोराने गूगल मॅपवर औंढा शोधलं, आजीच्या घरापासून किती वेळ लागतो ते बघितलं, आणि जेवताना विचारलं, "बाबा, मी मोठा झाल्यावर तिकडे काम करू शकतो? आय कुड लिव्ह विथ आजी."

मी काय म्हणायला हवं होतं? एवढी तासभर आयुकाची आरती ओवाळणारा मी, माझ्या तोंडून निघालं, आधी जीसीएसई (इथली दहावी) होऊ दे. बायकोने भाजीचं भांडं जरा जोरात ठेवलं. आजी आहे सत्तर पार, लायगो कधी उभं राहतंय माहीत नाही, रस्ते कसे, तिथे त्याचं कसं होणार, मित्र कोण, आणि त्याचं मराठी असं. आणि खरं कारण यातलं एकही नाहीये बहुतेक, तो तिकडे गेला तर इथे कुणाच्या तरी किचनमध्ये लोक काय बोलतील हे मला पाठ आहे, कारण मी तिथे उभा असतो.

तर वडे घ्या, पण घेता घेता मला बाजूला ओढून सांगा, तुमच्या पोराने विचारलं असतं तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं. खरं सांगा हं, भाषणातलं नको. येत्या रविवारी परत कॉल आहे.